मतपेटी एक, राष्ट्र एक



‘प्रतिनिधी कोणाचा?’ हा प्रश्न वरवर साधा वाटतो. परंतु त्याचे उत्तर चुकल्यास राष्ट्राला केवढी किंमत मोजावी लागते, याची साक्ष आपला स्वातंत्र्यलढाच देतो.

१ ऑक्टोबर १९०६ रोजी आगाखान यांच्या नेतृत्वाखालील मुस्लिम शिष्टमंडळ सिमल्यास व्हाइसरॉय लॉर्ड मिंटो यांना भेटले. पुढे १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी मुसलमानांना विभक्त मतदारसंघ दिले. १९१६ च्या लखनौ करारात काँग्रेसनेही ते मान्य केले. लोकमान्य टिळकांचाही त्या करारास पाठिंबा होता. स्वराज्याच्या मागणीमागे सर्वांनी एकदिलाने उभे राहावे, हा त्यांचा हेतू निर्मळच होता.

परंतु निवडणुकीची रचना हेतू पाहून चालत नाही. ज्या उमेदवारास केवळ स्वधर्मीयांचीच मते हवी असतात, त्यास शेजारच्या आळीत पाऊल टाकण्याचे कारणच उरत नाही. तेथे कडवे बोलणाऱ्याचे फावते आणि समन्वयाची भाषा एकाकी पडते. १९३२ च्या जातीय निवाड्याने हीच व्यवस्था भारतीय ख्रिस्ती समाजासही लागू केली. वस्तुतः के. टी. पॉल यांच्यासारख्या ख्रिस्ती नेत्याने १९३० च्या गोलमेज परिषदेतच तिला विरोध दर्शविला होता.

फाळणीचा घाव सोसल्यावर १९४७ साली घटना समितीने संयुक्त मतदारसंघ स्वीकारले, मात्र धार्मिक अल्पसंख्यांसाठी राखीव जागा ठेवल्या. मे १९४९ मध्ये त्याही सोडून देण्याचा ठराव सल्लागार समितीत मांडला तो डॉ. हरेंद्रकुमार मुखर्जी यांनी. ते स्वतः बंगालचे ख्रिस्ती आणि घटना समितीचे उपाध्यक्ष होते. मुस्लिम लीगकडून निवडून आलेल्या बेगम ऐजाज रसूल यांनीही राखीव जागांना ठाम विरोध केला. अशा जागा अल्पसंख्यांना बहुसंख्यांपासून कायमचे तोडतील, असे त्यांचे प्रतिपादन होते. मद्रासच्या महंमद इस्माइल यांनी विभक्त मतदारसंघांचा आग्रह धरला, पण सभागृहाने तो अमान्य केला.

हा त्याग एकतर्फी नव्हता. समितीचे अध्यक्ष सरदार पटेल यांनी त्याच वेळी बहुसंख्यांनाही बजावले होते की, अल्पसंख्यांच्या जागी स्वतःला कल्पून पाहा. ज्यांनी राखीव जागा सोडल्या, त्यांनी शेजाऱ्याच्या न्यायबुद्धीवर विश्वास टाकला. त्या विश्वासास पात्र ठरणे, हे बहुसंख्य समाजाचे कर्तव्य तेव्हाही होते आणि आजही आहे.