गल्ल्यावरचं यंत्र

आकाशवाणीवर मला बोलावतात ते बहुधा कविता वाचायला. या वेळी मात्र फोन आला तो वेगळाच. "तुमच्या दुकानाविषयी बोला. कार्डाचं मशीन कोणाकडून घ्यावं, घेताना काय पाहावं, हे खेड्यातल्या दुकानदाराला कोणी सांगत नाही." मी म्हटलं, "साहेब, मी बी. ए. झालो तो मराठी घेऊन, बँकिंग घेऊन नव्हे." ते म्हणाले, "म्हणूनच."

तर बोलतो.

सानगडी हे भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातलं गाव. टेकडीवर जुना किल्ला, खाली वस्ती आणि बाजार, चहूकडे धानाच्या बांध्या. वडिलांचं बांगड्यांचं दुकान होतं. मी त्यात कापड आणलं, मुलानं लग्नाचा बस्ता सुरू केला. बांगड्यांचं कपाट मात्र अजून जागेवर आहे, कारण ते हलवायचं म्हटलं की घरात भांडण होतं.

आमच्या भागात पैसा वर्षभर सारखा वाहत नाही, हे आधी लक्षात घ्या. दिवाळीच्या सुमारास हलका धान निघतो, गावोगाव मंडई भरते, दंडारी होतात, नाटकं होतात आणि पाहुण्यांसाठी कपडे घेतले जातात. मग आधारभूत केंद्रावर धान जातो आणि चुकारे जमा होऊ लागतात. उन्हाळ्यात लग्नं. पुढं रोवणी लागली की असेल नसेल तो पैसा चिखलात जातो आणि दुकानात मी व माझी कविता दोघंच उरतो. वडिलांच्या काळी ही दरी भरून काढायची ती उधारीची वही. लाल कापडी पुठ्ठ्याची, उभी. त्या वहीत नाव होतं, रक्कम होती, तारीख होती. व्याजाचा रकाना नव्हता.

८ नोव्हेंबर २०१६ ला पाचशे आणि हजाराच्या नोटा बंद झाल्या, तो नेमका आमचा मंडईचा हंगाम. १ डिसेंबरला ठाणे जिल्ह्यातलं मुरबाड तालुक्यातलं धसई हे राज्यातलं पहिलं 'रोकडरहित' गाव म्हणून जाहीर झालं. वर्तमानपत्रात वाचून मुलगा म्हणाला, "अब्बा, आपणही मशीन घेऊ." मी म्हटलं, आधी धसईचं काय होतं ते पाहू. माझा स्वभाव असा आहे. पाऊस पडून गेल्यावर छत्री उघडणारा.

मशीन आलं ते २०१८ मध्ये. तालुक्याहून एक तरुण आला, गळ्यात ओळखपत्र, हातात चकचकीत पत्रक. त्याच वर्षी १ जानेवारीपासून रिझर्व्ह बँकेनं डेबिट कार्डावरच्या आकाराला मर्यादा घातली होती. वर्षाला वीस लाखांपर्यंत विक्री असलेल्या दुकानाकडून शेकडा ४० पैशांहून जास्त घ्यायचं नाही. म्हणजे हजार रुपयांच्या साडीवर चार रुपये. त्या मुलानं हेच कागदावर लिहून दाखवलं, मी चार रुपयांवर भाळलो आणि सही केली. मागच्या पानावर लहान अक्षरांत महिन्याचं भाडं होतं. ते मी वाचलं नाही. कवितेतला अनुस्वार चुकला तर मला झोप येत नाही, आणि इथं आख्खं पान सोडून दिलं.

भाडं साडेतीनशे. त्यावर अठरा टक्के जीएसटी. मिळून ४१३ रुपये. मंडईच्या महिन्यात ते जाणवलं नाही. रोवणीचा महिना आला. त्या महिन्यात कार्डावर तीन गिऱ्हाइकं झाली, तिघांची मिळून विक्री ४१०० रुपये. चाळीस पैशांच्या हिशेबानं गेले साधारण सोळा रुपये, आणि भाड्याचे ४१३ वेगळे. म्हणजे शेकडा दहा रुपयांच्या वर. कापडात नफा असतो किती? दर ऐकून मशीन घेणारा माणूस आणि रंग पाहून बैल घेणारा माणूस यांत मला तेव्हापासून फरक वाटत नाही.

पण ही पैशाची गोष्ट झाली. मला सांगायची आहे ती दुसरी.

२०१९ चा डिसेंबर. जवळच्या खेड्यातली एक मावशी नातीच्या लग्नाचे कपडे घ्यायला आली. माझ्या वडिलांच्या हातून तिनं लग्नाच्या बांगड्या भरल्या होत्या, इतकी जुनी ओळख. सोबत आठवी-नववीतला नातू. धानाचा चुकारा खात्यात जमा झाला होता आणि तिच्याकडं जनधन खात्याचं रुपे कार्ड होतं, रुमालात गुंडाळलेलं. बिल झालं २६४० रुपयांचं. कार्ड घालताच ती मोठ्यानं म्हणाली, "बाबू, आकडा सांगतो मी, तूच दाब." दुकानात चार माणसं. मी म्हटलं, मावशी, सांगायचा नाही, तुम्हीच दाबा. तिनं एकेक बटण शोधून दाबलं. यंत्र घरघरलं, थांबलं, आणि पडद्यावर आलं की संपर्क तुटला. चिठ्ठी निघाली नाही. तेवढ्यात नातवाच्या फोनवर निरोप आला, खात्यातून २६४० रुपये वजा.

"पैसे तं गेले ना जी," मावशी म्हणाली.

माझ्याकडं आले नव्हते. मी एजंटला फोन लावला, बंद. चिकटवलेल्या कागदावरच्या क्रमांकावर लावला, तर हिंदी हवं असल्यास एक दाबा, इंग्रजीसाठी दोन दाबा, आणि पुढं संगीत. गावातल्या बँकेत मुलाला पळवलं. तिथून उत्तर आलं, मशीन आमचं नाही, दुसऱ्या कंपनीचं आहे, आम्ही काय करणार? उत्तर खरंच होतं.

आणि मी काय केलं? गठ्ठा गल्ल्याच्या मागं ठेवून घेतला. म्हटलं, "मावशी, पैसे जमा झाले की घेऊन जा." ती काही बोलली नाही. रुमालात कार्ड गुंडाळलं, नातवाचा हात धरला आणि पायऱ्या उतरली. समोरच्या चहाच्या टपरीवरची माणसं पाहत होती.

रात्री जेवताना बायकोनं एवढंच विचारलं, "लग्न कधी आहे म्हणाली?" मला माहीत नव्हतं. विचारलंच नव्हतं. सकाळी मुलाच्या गाडीवर गठ्ठा घेऊन तिच्या गावी गेलो. तिनं पाट दिला, चहा दिला, गठ्ठा घेतला. सहा-सात दिवसांनी नातू आला आणि २६४० रुपये मोजून गल्ल्यावर ठेवून गेला. पैसे तिच्या खात्यात परत आले होते. ती स्वतः आली नाही. पुढच्या मंडईलाही आली नाही.

नेमकं काय झालं होतं, ते मला पुढं एका निवृत्त बँक अधिकाऱ्यानं समजावलं. आपण कार्ड घालतो तेव्हा निरोप दुकानातून आधी मशीन देणाऱ्या बँकेकडं जातो, तिथून रुपे, व्हिसा किंवा मास्टरकार्डाच्या जाळ्यात, तिथून गिऱ्हाइकाच्या बँकेत. ती बँक पैसे वळते करते आणि होकार त्याच वाटेनं परत येतो. मावशीच्या बँकेनं होकार दिला होता, तो परतीच्या वाटेत हरवला. पैसे तिचेही नव्हते, माझेही नव्हते. आणि यावर नियम होता! रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१९ मध्येच काढलेला. असा व्यवहार अडकला तर बँकेनं पाच दिवसांच्या आत पैसे आपणहून परत करायचे आणि उशीर झाला तर गिऱ्हाइकाला दिवसाला शंभर रुपये द्यायचे. हे मला त्या दिवशी ठाऊक असतं तर मी मावशीला सांगू शकलो असतो की पैसे बुडणार नाहीत. मशीन देणाऱ्यानं मला सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

ते मशीन आम्ही परत केलं. परत करतानाही मुदतीआधी मोडल्याचे पैसे कापले गेले. तेही मागच्या पानावर होतं.

पुढं काळ झपाट्यानं बदलला. १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआय या दोहोंवर दुकानदाराला आकार उरला नाही. टाळेबंदी आली, नोटेला हात लावायला लोक भिऊ लागले आणि चौकोनी ठिपक्यांचा कागद टपरीटपरीवर लागला. आज आमच्या गल्लीत दहा रुपयांची भाजीसुद्धा फोननं घेतात आणि डबी ओरडून सांगते, पैसे आले. त्या डबीचंही महिन्याचं भाडं असतं, हे पुष्कळांना पासबुक भरल्यावर कळतं. पैसे ज्या खात्यात पडतात ते खातं कुठं आहे, हेही पाहावं लागतं. ३१ जानेवारी २०२४ ला रिझर्व्ह बँकेनं पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातले. ज्यांच्या विक्रीचे पैसे त्या बँकेतल्या खात्यात जमा होत, त्यांना १५ मार्चच्या आत दुसऱ्या बँकेतलं खातं जोडणं भाग पडलं.

मग कार्डाचं मशीन कशाला, असं मीही मुलाला म्हटलं. तो म्हणाला, "अब्बा, बस्त्याला येणारे मास्तर, नर्स, तलाठी क्रेडिट कार्ड काढतात. आणि ज्या बायांकडं साधा फोन आहे त्यांनी काय करायचं? त्यांच्याकडं रुपे कार्डच आहे." दुसरं वाक्य ऐकून मी गप्प बसलो.

या खेपेस मात्र आम्ही दोघांनी तीन जणांना दुकानात बसवून विचारलं. एक जण म्हणाला, 'झिरो चार्ज'. मी विचारलं, कशावर? रुपे डेबिटवर शून्य आहे ते कायद्यानं आहे, त्यात तुमचा उपकार नाही. व्हिसा डेबिटवर किती? क्रेडिट कार्डावर किती? क्रेडिटच्या आकाराला रिझर्व्ह बँकेची मर्यादा नाही. शेकडा दोनच्या आसपास धरलं तर चाळीस हजारांच्या बस्त्यात आठशे रुपये जातात. (हे पैसे गिऱ्हाइकाकडून 'दोन टक्के जास्त' म्हणून उकळायची पद्धत शहरात पाहिली. डेबिट कार्डावर तसं घेता येत नाही, रिझर्व्ह बँकेनं ते स्पष्ट सांगितलं आहे.) दुसरा म्हणाला, भाडं नाही, पण मशीन विकत घ्या. हे मला आधी महाग वाटलं. मग रोवणीचे रिकामे महिने मोजले, तेव्हा तेवढं वाटेना.

गंमत अशी की हाच पेच दूर स्वित्झर्लंडमधल्या छोट्या दुकानदारालाही सुटलेला नाही. तिथंही एक कंपनी म्हणते भाडं नको, पण दर विक्रीमागं जास्त टक्के द्या. दुसरी म्हणते टक्के कमी, पण महिन्याचं भाडं द्या. ज्याची विक्री हंगामी त्याला पहिला सौदा बरा, ज्याची बारमाही त्याला दुसरा. फोननं पैसे द्यायला तिथल्या बँकांनी मिळून ट्विंट नावाची सोय केली आहे, पण तीही दुकानदाराला फुकट नाही. आपल्याकडचं यूपीआय आहे, याचं मला कौतुक आहे. ते तसंच राहावं.

तिघांनाही मी शेवटचा एकच प्रश्न विचारला: मशीन बिघडलं तर कोण येणार आणि कुठून? एकानं नागपूरचं नाव घेतलं, दुसऱ्यानं ॲपमध्ये तक्रार टाका म्हटलं. तिसरी गावातलीच बँक. तिचं भाडं थोडं जास्त, मशीन जुन्या बनावटीचं, पण शाखेतला माणूस आमच्याच गल्लीतून रोज सायकलनं जातो. मुलाला ॲपवालं आवडलं होतं, ते देखणं होतं. दोन दिवस घरात अबोला होता. शेवटी त्यानं जुन्या मशीनवर माझ्यासमोर एक अट घातली: करार तो वाचणार, मागच्या पानासकट, आणि मी मध्ये बोलायचं नाही. वाचताना त्यानं दोन जागा अडवल्या. मुदतीआधी मोडल्याचा दंड काढायला लावला, आणि पैसे दुसऱ्या दिवशी जमा होणार यात सुटीचे दिवस धरलेत की नाही ते लिहून घेतलं. महिन्याच्या भाड्याबद्दल बँकेनं हंगामाबाहेर थोडी सूट दिली. मागितली म्हणून दिली.

सिम दोन कंपन्यांचं घातलं आहे, कारण आमच्या बाजारात एकाचा टॉवर बोलतो तेव्हा दुसऱ्याचा झोपतो. मशीन खिडकीजवळ ठेवावं लागतं. बांगड्यांचं कपाट त्यासाठी वीतभर सरकवलं, भांडण झालं.

एक गोष्ट राहिली. या यंत्रातून निघणारी चिठ्ठी उष्णतेनं उमटते, शाईनं नव्हे. आमच्या मे महिन्यात ती दोन-तीन आठवड्यांत पांढरी पडते. पहिल्या मशीनच्या चिठ्ठ्या मी डब्यात जपून ठेवल्या होत्या; परवा उघडल्या तर कोरे कागद. वडिलांची लाल वही त्याच कपाटात आहे, तिच्यातलं एकूणएक नाव वाचता येतं. म्हणून मी आता नवी वही घातली आहे. व्यवहार अडकला की तारीख, वेळ, रक्कम आणि पडद्यावरचा क्रमांक पेननं लिहितो, गिऱ्हाइकाला तेच एका कागदावर लिहून देतो आणि पाच दिवसांचा नियम सांगतो. माल त्याच्या हातात देतो. मुलाला हे शेवटचं फारसं पटत नाही. आतापर्यंत असे चार व्यवहार अडकले, चारही जणांनी पैसे आणून दिले.

मावशी गेल्या मंडईला आली होती. नातीच्या मुलीसाठी झबलं घेतलं, एकशे ऐंशी रुपयांचं. मी खिडकीजवळच्या मशीनकडं हात केला, तर म्हणाली, "ते राहू दे बाबू," आणि रुमालातून नोटा काढल्या.