ब्रा कोणासाठी?
(महिला आरोग्य शिबिरातील भाषण)



वस्त्यांमधून मी आरोग्य शिबिरं घेते. पाळी, गर्भपात, अंगावरून पांढरं जाणं यावर बायका आता मोकळेपणानं बोलतात. पण शिबिर संपल्यावर, चपला घालता घालता एखादी हळूच विचारते, "ताई, ब्रा घातली नाही तर छाती ओघळते का हो?" हा प्रश्न नेहमी दबक्या आवाजात येतो, म्हणून आज तो मी माईकवर घेते आहे.

आधी शरीर समजून घेऊ. स्तन पेलून धरणारा स्नायू स्तनात नसतो. आत असतात दुधाच्या ग्रंथी, चरबी आणि त्यांना सावरणारे तंतू. इंग्लंडचे शल्यविशारद अ‍ॅस्टली कूपर यांनी १८४० साली या तंतूंचं वर्णन केलं. वयानुसार हे तंतू आणि कातडी सैल होत जाते. प्रत्येक गरोदरपणात स्तन भरतात, मग उतरतात. मुळातच मोठे स्तन, वजनातले चढउतार, धूम्रपान ही आणखी कारणं.

मग ब्रा काय करते? अंगावर असेपर्यंत आधार देते. ती रोज घातल्यानं ओघळणं कायमचं टळतं, असं सिद्ध झालेलं नाही. उलट बाजूचा दावाही आहे. फ्रान्समधले डॉ. रुईयों यांनी २०१३ साली, काही तरुणींच्या पाहणीवरून, ब्रा न घालणंच बरं असं सुचवलं. पण हे सगळ्याच बायकांना लागू करू नका, असंही त्यांनीच बजावलं. ब्रामुळे कॅन्सर होतो ही भीतीही निराधार आहे. अमेरिकेत सिअ‍ॅटलला झालेल्या २०१४ सालच्या अभ्यासात तसा संबंध आढळला नाही.

सगळ्यात घातक गैरसमज वेगळाच आहे. अंगावर पाजलं की छाती उतरते, म्हणून बाळाला लवकर बाटली लावली जाते. अमेरिकेतल्या केंटकीमधल्या २००८ सालच्या अभ्यासात पाजण्यानं काही फरक पडलेला दिसला नाही; फरक पडला तो गरोदरपणांच्या संख्येनं आणि वयानं. छातीच्या आकारासाठी बाळाचं दूध तोडू नका!

ब्रा कधी घालावी? धावताना, कबड्डी खेळताना, स्तन जड असतील किंवा दुखत असतील तेव्हा जरूर घाला. मुली छाती हलते म्हणून खेळ सोडतात. त्यांना नीट मापाची ब्रा द्या, मैदान सोडायला लावू नका. पाजणाऱ्या बाईनं घट्ट ब्रा घालू नये, दूध तुंबून गाठ होते. खांद्यावर वळ उठत असतील तर माप चुकलं आहे. रात्री घालायची की नाही, हे आपल्या सोयीनं ठरवा. आणि साडीखाली लपवून वाळत घालू नका. दमट ब्रानं स्तनाखाली नायटा होतो. सरळ उन्हात टाका.

ओघळणं हा आजार नाही. पण गाठ लागली, कातडी आत ओढली गेली, बोंडातून रक्त आलं किंवा एकाच स्तनाचा आकार अचानक बदलला, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. जाहिरातवाले आपल्याला ओघळण्याची लाज शिकवतात आणि त्या लाजेपायी आपण गाठही लपवतो. ही लाज जिवावर बेतू शकते.

ब्रा घालायची की नाही, हे नवरा, सासू किंवा शेजारीण ठरवणार नाही. आपल्या अंगाला काय बरं वाटतं, ते आपणच ठरवू. तुमच्या मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या, आणि मोठ्यानं बोला.