रद्दीच्या टोपातला कागद

दुपारची भांडी आवरून कुणी ओसरीवर बसल्या असाल, कुणी बांधावर सावलीला. आम्ही बचत गटाच्या अकरा जणी आज तुमच्याशी बोलायला आलोय. रेडिओवरच्या ताई म्हणाल्या, तुम्ही कागदाचं काय काय करता ते सांगा. आम्ही म्हटलं, काय करत नाही ते विचारा.

आपल्या घरात बघा. फडताळात अंथरायला कागद, आंबे पिकायला घालताना कागद. ब्लाऊज शिवायला शिकलेली कुठलीही बाई आठवून बघा, तिचा पहिला ब्लाऊज वर्तमानपत्रावर कापलेला असतो. पोळ्याला बैलाच्या शिंगांना बेगड, लग्नाला पताका, दिवाळीला आकाशकंदील. पोरांच्या होड्या तर सांगायलाच नकोत, पावसाळ्यात निम्म्या वह्या त्यातच जातात.

आमच्या आज्या कागदाच्या टोपल्या करायच्या. सुपाच्या नि टोपल्यांच्या फटी लिंपायलाही तोच लगदा. मधल्या काळात प्लास्टिकचे डबे आले नि ते बंद पडलं. आम्ही ते परत सुरू केलं, कसं ते सांगतो. कागद बारीक फाडून तीन दिवस भिजत घालायचा, पाणी रोज बदलायचं. मेथ्या रात्रभर वेगळ्या भिजवायच्या. मग दोन्ही एकत्र पाट्यावर वाटायचं, किंवा उखळात कुटायचं. मेथीनं लगदा चिकट होतो आणि तिच्या कडूपणामुळे कीड लवकर लागत नाही. घमेलं किंवा पातेलं पालथं घालायचं, त्यावर तेलाचा हात लावलेलं जुनं फडकं टाकायचं नि लगदा थापायचा, साधारण करंगळीएवढा जाड. आधी सावलीत वाळवायचं. घाई करून एकदम उन्हात ठेवलं की तडे जातात, आमच्या पहिल्या चार टोपल्या अशाच गेल्या.

एक मात्र सांगून ठेवतो. काही जणी खळीत मोरचूद घालतात, कीड लागू नये म्हणून. ते विष आहे. पोरांचा हात लागेल अशा टोपलीत नको. आणि छापील कागदाच्या टोपलीत पीठ, पापड, कुरडया ठेवू नका. लसूण ठेवा, कांदे ठेवा, वाती, दोरे, बटणं ठेवा. आज्या धान्य भरायच्या हे खरं, पण शाई पोटात जाऊ नये हे आता आपल्याला कळलंय.

शाईवरून पिशव्यांचं आठवलं. 2018 साली महाराष्ट्रात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हा आम्हाला वाटलं आपलं नशीब उघडलं. घरोघरची रद्दी आणली, मैद्याची खळ शिजवली, दुपारभर बसून पिशव्या केल्या. तालुक्याच्या एका दुकानदारानं पाचशे घेतल्या. आठ दिवसांत निरोप आला, बूड सुटतंय म्हणून. चूक आमचीच, खळ पातळ झाली होती आणि पिशव्या नीट वाळायच्या आधीच गठ्ठा बांधला होता. पैसे परत द्यावे लागले. पुढं कळलं की वर्तमानपत्रात खायची वस्तू बांधायला अन्नसुरक्षेच्या नियमांतही बंदी आहे. मग वडे, भजी, फरसाण यांची गिऱ्हाइकं आपण होऊन सोडली. आता बांगड्यांचं दुकान, कटलरीवाला आणि औषधाचं दुकान एवढ्यांनाच देतो, औषधवाल्याला कोऱ्या खाकी कागदाच्या. खरं सांगायचं तर रद्दीच्या पिशवीत पैसा फार नाही. दुपारभराच्या कामाला चहा-साखर सुटते, मजुरी सुटत नाही. कुणी तुम्हाला यातून संसार चालेल असं सांगितलं तर आधी हिशेब मांडा.

पण ज्यासाठी खरं तर आज बोलायला आलो, ते पुढेच आहे.

गेल्या पावसाळ्याआधी आम्ही लगद्यासाठी रद्दी गोळा केली. गटातल्या एका मावशींनी जुन्या पेटीतलं गाठोडं तसंच आणून दिलं. मालक जाऊन बारा वर्षं झाली, म्हणाल्या, त्यांचेच काही कागद असतील, मला कुठं वाचता येतं, उगीच कसर लागतेय. आम्हीही न बघता फाडायला बसलो. निम्मं टोपात पडलंसुद्धा. तेवढ्यात आमच्यातली सर्वांत लहान सून, दहावी झालेली, एक कागद हातात धरून थांबली. म्हणाली, थांबा, याच्यावर शिक्का आहे.

तो सातबारा होता. कोपरा भिजून लगदा झाला होता, पण नावं दिसत होती. मालकाच्या मागं वारस म्हणून मावशींचं नाव लागलेलं होतं.

मावशी बारा वर्षं समजून होत्या की जमीन सगळी दिरांच्या नावावर आहे. दीर तसंच सांगत आले होते आणि वर्षाला दोन पोती ज्वारी देत होते, उपकार केल्यासारखी. आम्ही कागद ताटावर पसरला, वर धोतराचा कपडा टाकला, सावलीत वाळवला. त्या दिवशी टोपली काही झाली नाही.

कुणी म्हणेल, सातबारा काय, परत काढता येतो. येतो. ऑनलाइन डिजिटल सहीचा उतारा 15 रुपयांत मिळतो, आम्ही दुसऱ्या दिवशी तोच काढला. त्यावरही नाव होतं. पण तो कागद टोपात विरघळला असता तर उतारा काढावा हेच कुणाच्या मनात आलं नसतं. नाव आहे हेच ठाऊक नव्हतं ना.

दिरांशी बोलणं चालू आहे. मोजणी व्हायचीय. पहिल्या बैठकीला ते आलेच नाहीत, दुसरीला आले आणि म्हणाले, वहिनी, घरातली गोष्ट बाहेर कशाला. मावशी एवढंच म्हणाल्या, भाऊजी, बाहेर नाही, कागदावर आहे. यंदा ज्वारी चार पोती आली. वाटणी अजून नाही.

तेव्हापासून आमच्याकडे पद्धत आहे. रद्दी आली की वाचता येणाऱ्या दोघी आधी बसतात. शिक्का, तिकीट, सही, अंगठा, फोटो यातलं काहीही दिसलं की कागद बाजूला. आतापर्यंत एक जन्मदाखला, दोन पासबुकं आणि शाळा सोडल्याचा एक दाखला निघाला. तो दाखला मुंबईला कामाला गेलेल्या मुलाचा, घरचे वर्षभर शोधत होते.

हे कागद ठेवायला आम्ही लगद्याच्या झाकणाच्या पेट्या करतो. बाहेरून पांढरा कागद आणि गेरूची नक्षी, आत प्लास्टिकच्या पाकिटात कागद आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला. ओल लागू द्यायची नाही, भिंतीला टेकवून ठेवायची नाही. मावशींच्या पेटीवर त्यांनी स्वतः बोटानं ज्वारीचं कणीस काढलंय. जरा वाकडं आलंय, पण ओळखू येतं.

पुढच्या मंगळवारी आम्ही समाजमंदिरात लगदा करून दाखवणार आहोत. येताना घमेलं, जुनं फडकं, मूठभर मेथ्या आणि घरची रद्दी घेऊन या. रद्दी आम्ही आधी वाचू, मग भिजवू.