सुईदोऱ्याचा संसार

(महिला मंडळ व पालक-शिक्षक संघ यांच्या संयुक्त मेळाव्यात प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



प्रसिद्धी अधिकारी गावात आला म्हणजे तो एखाद्या योजनेची माहिती सांगून, पत्रके वाटून परत जाणार, असे आपण गृहीत धरलेले असते. योजनेविषयीही दोन शब्द मी शेवटी बोलणार आहेच. परंतु आजचा माझा मुख्य विषय अगदी लहान आहे. तो आगपेटीत मावतो. तो म्हणजे सुई आणि दोरा.

एका पुरुषाने, त्यातही कारकुनी लेखणी चालविणाऱ्याने, मातांसमोर शिवणकामावर बोलावे हे काहीसे धार्ष्ट्याचे आहे. ते मी का करतो आहे, हे सांगण्यासाठी घरची एक गोष्ट सांगण्याची परवानगी घेतो.

माझी आई गेली त्यानंतर घर आवरताना तिची पत्र्याची ट्रंक निघाली. तीत तिची जुनी नऊवारी लुगडी होती. धुऊन धुऊन मऊ झालेली, काही विरलेली. दारावर बोहारीण आली आणि मी ती सारी लुगडी तिला देऊन त्या बदल्यात स्टीलचे एक पातेले घेतले. व्यवहार चोख झाला असे मला त्या दिवशी वाटले. पुढे ट्रंकेच्या तळाशी एक अर्धवट गोधडी सापडली. निम्म्या भागावर टाके पडले होते, निम्मा भाग कच्च्या दोऱ्याने नुसता जोडलेला होता, आणि शेवटच्या टाक्यापाशी सुई तशीच टोचून ठेवलेली होती. घरात आम्ही चार माणसे, सारी शिकलेली. पण ती गोधडी पुरी करणे एकालाही ठाऊक नव्हते. ठिगळाला लागणारी लुगडीही मी पातेल्यावर घालवून बसलो होतो. पातेले आजही स्वयंपाकघरात आहे. ते दृष्टीस पडले की मला त्या व्यवहारातील तोटा किती होता ते कळते.

अखेर शेजारच्या आजींकडे मी आणि माझा मुलगा पाट टाकून बसलो. पहिल्या दिवशी माझे टाके पाहून आजी म्हणाल्या, "भाऊ, ही शिवण नव्हे, ही कोंबडीची पावले." त्यांचे म्हणणे खरे होते. तरीही एका पावसाळ्यात आम्ही ती गोधडी पुरी केली.

सज्जनहो, यात माझ्या एकट्याच्या घराची कहाणी नाही. एका पिढीच्या हातून दुसऱ्या पिढीच्या हाती विद्या जाण्याची जी साखळी असते, तिची एक कडी आपल्या डोळ्यांदेखत निखळते आहे. बटण तुटले की शर्ट बाजूला पडतो, उसवलेली उशी बाहेर फेकली जाते. आणि तरीही ही विद्या अगदीच लोपलेली नाही, याचा प्रत्यय आपण घेतलेला आहे. २०२० साली साथ आली, दुकाने बंद झाली, तेव्हा गावोगावच्या स्वयंसहाय्य गटांतील भगिनींनी घरातल्या यंत्रांवरची धूळ झटकून कापडी मुखपट्ट्या शिवल्या. ज्या घरात सुई होती त्या घराला त्या दिवसांत कोणाचे तोंड पाहावे लागले नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. आरंभ पिशवीपासून करावा. केंद्र शासनाच्या नियमांनुसार ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ मायक्रॉनपेक्षा पातळ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लॅस्टिक पिशव्यांना मनाई झाली. मनाई कागदावर झाली. ती बाजारात उतरायची तर घरातून निघताना खांद्यावर कापडी पिशवी हवी. चवथीला माटोळीचा बाजार करताना किती पिशव्या लागतात, हे मी आपणास सांगायला नको.

जुन्या चादरीचा ९० सेंटीमीटर लांब आणि ४० सेंटीमीटर रुंद असा तुकडा घ्यावा. त्याची मधोमध घडी घातली की तळ आपोआप तयार होतो. तळाला शिवण नसल्यामुळे तेथे पिशवी उसवण्याची भीती नाही. घडी घालताना कापडाची सुलट बाजू बाहेर ठेवून दोन्ही कडा अर्ध्या सेंटीमीटरवर शिवाव्यात. मग पिशवी उलटी करून त्याच कडा पुन्हा एक सेंटीमीटरवर शिवाव्यात. अशाने कापडाचे धागे शिवणीच्या आत कोंडले जातात, सुटत नाहीत. तोंडाशी तीन सेंटीमीटरची दुमड घालावी. बंदांसाठी ६० सेंटीमीटर लांब आणि ८ सेंटीमीटर रुंद अशा दोन पट्ट्या चौपदरी दुमडून शिवाव्यात. बंद जोडताना मात्र एका ओळीवर भागवू नये; तेथे चौकोन शिवून त्यात फुली मारावी. नारळांचे ओझे उचलताना सारा ताण याच जागी येतो. यंत्र नसेल तर हाताने उलटा टाका घालावा, म्हणजे प्रत्येक टाक्याला अर्धे पाऊल मागे येऊन पुढे जावे. ती शिवण यंत्राच्या शिवणीइतकीच टिकते.

ज्यांच्या घरी पायाचे यंत्र आहे, आणि ते बहुधा कोपऱ्यात कपड्यांच्या घड्या ठेवण्याच्या कामी येत असेल, त्यांच्यासाठी एक सूचना. यंत्र अडते म्हणून त्याला दोष देण्यापूर्वी शटलपाशी साचलेला कापडाचा कीस ब्रशने काढावा, तेलाच्या छिद्रांत थेंब-थेंब तेल घालावे आणि सुई बदलावी. साध्या सुती कापडाला चौदा नंबरची, जाड कापडाला सोळा नंबरची सुई लागते. कापडाच्या खालच्या बाजूस दोऱ्याचे फासे पडत असतील, तर बहुधा दोष वरच्या दोऱ्याच्या ओवणीत किंवा ताणात असतो. दोरा पुन्हा नीट ओवून पाहावा.

दुसरी वस्तू तान्ह्या बाळाचे दुपटे. अनेक घरांत बाळाला पहिले वस्त्र जुन्या कापडाचे देण्याची चाल आहे. तिला काही जण दारिद्र्याची खूण समजतात. वस्तुतः तीत शहाणपण आहे. अनेकदा धुतलेल्या सुती कापडातली खळ निघून गेलेली असते, धागा मऊ झालेला असतो, तो ओल टिपतो आणि नाजूक कातडीला खुपत नाही. पाऊण ते एक मीटर चौरसाचे दोन पदर एकमेकांवर ठेवून चारी बाजू आत दुमडून बारीक धावदोरा घालावा. बटण, टिकली, जर यांतले काही त्यावर लावू नये. ते बाळाच्या तोंडात जाण्याचा धोका असतो.

आणि आता गोधडी. हे साऱ्या घराने मिळून करावयाचे काम आहे. कापड निवडताना सुतीच घ्यावे. नायलॉन घामही टिपत नाही आणि टाकाही नीट धरत नाही. सर्व कापड आधी धुऊन कडक उन्हात वाळवावे, कारण नव्या-जुन्या कापडाची मोट बांधली तर नवे कापड पुढे आटते आणि गोधडीला चुण्या पडतात. खालचा पदर सारवलेल्या किंवा पुसलेल्या जमिनीवर ताणून पसरावा आणि चार कोपऱ्यांवर पाट ठेवावेत. त्यावर आतील दोन-तीन पदर, विरलेल्या जागी ठिगळ, आणि सर्वांत वर चांगला पदर. मग मध्यापासून कडेकडे लांब-लांब कच्चे टाके घालावेत, म्हणजे पदर सरकत नाहीत. त्यानंतर दोन-दोन बोटांच्या अंतराने धावदोऱ्याच्या ओळी घालीत जावे. दोरा हातभराहून लांब घेऊ नये, गुंता होतो. गाठ नेहमी पदरांच्या आत लपवावी. पदरांच्या मध्ये हवा अडकून राहते आणि अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. गोधडीच्या उबेचे रहस्य एवढेच आहे. आपल्या प्रदेशात पावसाळ्यातील दमट हवेमुळे बुरशीचे भय असते. म्हणून वैशाखातल्या उन्हात गोधड्या उलटसुलट तापवून, ट्रंकेत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवाव्यात.

या कलेला आपल्या शेजारी किती मान आहे पाहा. घाटापलीकडे, उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या तालुक्यांत सिद्दी समाजाची वस्ती आहे. आफ्रिकेतून या किनाऱ्यावर आणल्या गेलेल्या माणसांचे हे वंशज. त्यांच्या स्त्रिया जी गोधडी शिवतात तिला कवंद म्हणतात. त्या कडेपासून आरंभ करून ठिगळे जोडीत मध्याकडे येतात आणि शेवटी चारी कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाचे छोटे फूल बसवितात. त्या फुलांवाचून कवंद पुरी झाली असे त्या मानीत नाहीत. आज या गोधड्या देशात आणि परदेशांतही प्रदर्शनांत मांडल्या जातात. ज्यांच्या पूर्वजांना स्वतःच्या देहावरही हक्क नव्हता, त्यांच्या लेकींनी टाकलेल्या चिंध्यांतून असे वैभव उभे केले, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

शिक्षक बंधुभगिनींना माझी विशेष विनंती आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचविले आहेत आणि त्या दिवसांत स्थानिक कारागिरांकडून काम शिकावे अशी कल्पना आहे. त्यांतील एक दिवस गावातल्या एखाद्या आजीला वर्गात सन्मानाने बोलवा. लहान मुलांच्या हाती प्रथम गोणपाटाचा तुकडा, बोथट मोठी सुई आणि लोकर द्यावी. गोणपाटाची वीण मोकळी असल्याने टाके सरळ पडतात. मग बटण लावणे शिकवावे. तास संपताना सुया मोजून परत घ्याव्यात, एकही कमी असता कामा नये. आणि हे काम मुलग्यांनाही द्यावे. गावचा शिंपी पुरुष असतो तेव्हा कोणाला त्यात कमीपणा दिसत नाही. घरात मात्र सुई म्हटली की ती मुलीच्या हाती. हा भेद आपण विनाकारण जोपासलेला आहे.

ज्यांना यातून चार पैसे मिळवावयाचे आहेत, त्यांनी १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेची चौकशी ग्रामपंचायतीत करावी. तीत समाविष्ट केलेल्या अठरा पारंपरिक व्यवसायांत शिंपीकामही आहे. परंतु मी स्पष्ट सांगतो, घरच्या प्रत्येक टाक्याची किंमत पैशांत काढण्याची गरज नाही. आपले फाटलेले आपण सांधू शकतो, हा विश्वास घराच्या फार उपयोगी पडतो.

आमची ती गोधडी आता मुलाच्या अंथरुणावर असते. तिच्या एका भागातले टाके बारीक आणि सरळ आहेत, दुसऱ्या भागातले वाकडेतिकडे. कोठे आई थांबली आणि कोठे आम्ही सुरुवात केली, हे अंधारातही हाताला कळते. वाकडे टाके उसवून पुन्हा घालू का, असे मी आजींना विचारले होते. त्या म्हणाल्या, "राहू देत. ऊब तेवढीच येते."

आज घरी गेल्यावर आपण एवढेच करावे. ट्रंक उघडावी, आत कोणाचे काय आहे ते पाहावे आणि बोहारीण दारावर येण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्या बाईला विचारावे, "आई, हे कसे शिवतात?" ती सांगायला असेपर्यंत विचारावे.