पाटीशेजारी कोण बसणार?



या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी समोरच्या सतरंजीवर बसून ऐकावे, ही इथली रीत. आम्ही ती तीस वर्षे पाळली. आमची शाळा सातवीत सुटली. पुढे जे काही शिकलो ते मागाच्या खडखडाटात, युनियनच्या कचेरीतल्या जुन्या कपाटापाशी आणि दर उन्हाळ्यात याच मांडवात. तेव्हा आज आम्ही बोलणार ते विद्यार्थ्याने गुरुजींपुढे पाठ म्हणून दाखवावा त्या भावनेने. चुकले तर सांभाळून घ्यावे.

विषय कळवला तेव्हा चालकांपैकी एकजण आम्हांला म्हणाले, "लहान मुलांचे टॅब हा शिक्षकांचा विषय. तुम्ही कामाच्या तासांवर बोला, बोनसवर बोला." आम्ही म्हटले, कामाच्या तासांवरच बोलणार आहोत. कसे ते पुढे येईलच. त्याआधी आमच्या हातून झालेली एक चूक आपल्यापुढे कबूल करावयाची आहे.

आमच्या युनियनच्या कचेरीमागच्या खोलीत बालवाडी चालते. यंत्रमागावर काम करणाऱ्यांची आणि कांड्या भरणाऱ्या बायांची तीन ते सहा वर्षांची मुले तिथे येतात. शिकवायला एक बाई आणि हाताखाली एक मावशी. करोनाच्या टाळेबंदीत मोठ्या घरची मुले पडद्यावर शिकली आणि आमची मुले गल्लीत बसून राहिली, हे आमच्या मनाला फार लागले होते. म्हणून २०२२ साली आम्ही ठरवले की आपल्या मुलांनाही टॅब द्यावयाचे. आठ टॅब हप्त्यांवर घेतले. वर्गणीत हप्ता बसेना, तेव्हा कार्यकारिणीने ठराव करून मावशींचे मानधन बंद केले. ठरावाखाली पहिली सही आमची आहे.

यंत्र आणा, पण माणूस काढू नका, हे आम्ही किती मालकांच्या दारात उभे राहून ओरडलो असू! आणि स्वतःच्या घरात सत्ता हाती येताच आम्ही यंत्र आणले आणि माणूस काढला. तेही अगदी मालकासारखे, हिशेब दाखवून.

पुढे काय झाले ते ऐका. बालवाडी शांत झाली. पूर्वी कचेरीत फोनवर बोलणे कठीण व्हायचे, इतका गलका असे. आता आठ पडद्यांपुढे आठ डोकी आणि मागे पाळीची वाट पाहणारी बाकीची. पाहुणे आले की आम्ही अभिमानाने दार उघडून दाखवीत असू. दोन-अडीच महिन्यांनी कांड्या भरणारी एक बाई आमच्याकडे आली. म्हणाली, "भाऊ, पोरगी घरी येऊन काही सांगतच नाही आता. आधी डोकं उठवायची. मावशींनी हे सांगितलं, मावशींनी ते केलं. आता विचारलं तर म्हणते, टॅब बघितला." एवढे बोलून ती कामावर गेली. त्या रात्री आम्हांला झोप आली नाही.

मग आमच्या सवयीप्रमाणे आम्ही वाचावयास लागलो. ज्या यंत्राशी झगडावयाचे त्याची कुळकथा ठाऊक असावी, हा युनियनचा पहिला धडा.

या पाटीची कल्पना आजची नाही. अमेरिकेत ॲलन के नावाच्या संशोधकाने १९७२ साली एक लेख लिहिला. वहीएवढा, मुलाला हातात धरून कुठेही नेता येईल असा संगणक त्यांनी त्यात कल्पिला होता. त्याचे नाव डायनाबुक. त्या काळी संगणक खोलीएवढे असत, हे ध्यानात घ्या. त्या लेखात दोन मुले गवतावर शेजारी शेजारी बसून आपापल्या यंत्रांवर अवकाशयानांचा खेळ खेळतात. खेळता खेळता त्यांच्या मनात येते की या खेळात सूर्य असता तर त्याची ओढ यानांवर पडली असती. मग ती ओढ खेळात घालावी कशी, याच्या मागे ती लागतात. म्हणजे यंत्र पहिल्यांदा कल्पिले गेले तेव्हा मूल एकटे नव्हते, आणि दिलेला खेळ मुकाट्याने खेळतही नव्हते.

के यांच्यावर ज्यांचा प्रभाव होता ते सीमोर पेपर्ट गणिती होते. मुलांनी संगणकाला हुकूम सोडावेत म्हणून १९६७ साली लोगो नावाची सोपी भाषा तयार झाली, ती घडवणाऱ्यांत ते प्रमुख. १९८० साली त्यांनी एक पुस्तक लिहिले. त्यातला मुद्दा आम्ही आमच्या भाषेत सांगतो. शाळांतून संगणक मुलाला चालवतो आहे, चालवावयाचे होते मुलाने संगणकाला. बंधूंनो, हे वाचून आम्ही पुस्तक मिटले आणि बराच वेळ तसेच बसलो. मागावर उभ्या राहिलेल्या माणसाला हा प्रश्न कोणी समजावून द्यावा लागत नाही. धोट्याच्या गतीने ज्याचे हातपाय हलतात, तो माग चालवतो की माग त्याला चालवतो?

आता बाजारात काय आले ते पाहा. २०१० साली आयपॅड आला. लगेच २०११ साली लीपफ्रॉग कंपनीचा लीपपॅड आणि व्हीटेकचा इनोटॅब हे खास लहान मुलांचे टॅब निघाले. पाच इंची पडदा, पडले तरी फुटू नये अशी जाड कड, लीपपॅडमध्ये कॅमेरा, आणि खेळ कंपनीचेच विकत घ्यावयाचे. आपल्या सरकारनेही त्याच वर्षी विद्यार्थ्यांसाठी आकाश नावाचा स्वस्त टॅब मोठा गाजावाजा करून आणला. तो मोठ्या मुलांसाठी होता आणि लवकरच विस्मरणात गेला. आज तर साध्या टॅबला रबरी आवरण चढवले की तो मुलांचा टॅब होतो. त्यातले बहुतेक धडे एकाच घाटाचे असतात. चित्र दिसते, मूल बोट लावते, बरोबर असेल तर टाळ्या वाजतात, चूक असेल तर पुन्हा. मालक कोण आणि हुकमाचा ताबेदार कोण, हे आपणच ठरवा.

पण आम्ही यंत्र फोडणाऱ्यांपैकी नव्हे. म्हणून दुसरी बाजूही तपासली. सिॲटल शहरात पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली नऊ महिन्यांची बाळे घेतली. काही बाळांशी चिनी बोलणारी माणसे समोर बसून बोलली, खेळली, त्यांना पुस्तके वाचून दाखवली. अशा बारा बैठकी झाल्या. इंग्रजीत नसलेला चिनी ध्वनींतला बारीक भेद ती बाळे ओळखू लागली. दुसऱ्या बाळांना तेच सारे, तेवढाच वेळ, पडद्यावर दाखवले. ती काहीच शिकली नाहीत. आवाज तोच, चेहरा तोच, फक्त माणूस समोर नव्हता! हा निकाल टॅबला जसाच्या तसा लावणे मात्र अन्यायाचे होईल. ती चित्रफीत बाळाला उत्तर देत नव्हती. टॅब बोटाला उत्तर देतो आणि थोड्या मोठ्या मुलाला अक्षर गिरवावयास त्याचा उपयोगही होतो. पण पाया माणसाचाच, एवढे त्यातून दिसते.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर पेरू देशात घडली. प्रत्येक मुलाला एक संगणक, या चळवळीतून तिथल्या सरकारने लाखो मुलांना छोटे लॅपटॉप दिले. ३१९ शाळा तपासून २०१२ साली अहवाल निघाला, तेव्हा गणितात आणि भाषेत काही फरक आढळला नाही. विचारशक्तीच्या काही चाचण्यांत थोडा लाभ दिसला, तोही सांगितला पाहिजे. याच चळवळीचा भारतातला पहिला प्रयोग २००७ साली आपल्या रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या खैराट धनगरवाड्यावरच्या एकशिक्षकी शाळेत झाला होता. मुलांनी ती यंत्रे उत्साहाने हाताळली. पण तिथे भार होता तो त्या एका शिक्षकावरच. यंत्र वाटणे सोपे असते. शेजारी बसणारा माणूस खोक्यातून येत नाही.

आणि ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले, तेव्हा दुसरे काय होते? शंखशिंपले, बिया, पाने, खडे, आणि मुलांच्या दारात जाऊन बसणारी माणसे. साधने कोणतीही असोत, शेजारी कोणीतरी होते.

तर आम्ही कार्यकारिणी बोलावली, आमची चूक मांडली आणि मावशींच्या घरी जाऊन माफी मागितली. तुंबलेल्या मानधनासह त्यांना परत आणले. आठांपैकी पाच टॅब विकून टाकले, तीन ठेवले. एका टॅबवर दोन मुले आणि तिसरी मावशी, असा नियम केला. धडे कमी, कॅमेरा जास्त. मुलांनी पानाचा फोटो काढावयाचा, मांजराचा काढावयाचा, आणि मग मावशी विचारणार, "हे कुठं भेटलं? काय करत होतं?" बालवाडीत पुन्हा गलका सुरू झाला. आता फोन घ्यावयास आम्ही रस्त्यावर जातो.

मग एकदा बाईंनी मुलांना एकेक दिवस टॅब घरी नेऊन घरच्या माणसांचे फोटो काढावयास सांगितले. पाच वर्षांच्या एका मुलाने बापाचे सात फोटो आणले. सातांतही बाप झोपलेला. मावशींनी विचारले, "अरे, बाबा जागे असतानाचा एकपण नाही?" तो म्हणाला, "जागे असतात तेव्हा कामावर असतात."

बंधुभगिनींनो, त्या बापाची रात्रपाळी बारा तासांची आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले की दोन वर्षांखालच्या मुलाला पडदा देऊच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसात एक तासाहून अधिक नको, कमी तितका बरा. आपल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही २०२१ पासून साधारण हेच सांगते. सल्ला योग्यच आहे. पण तो पाळावयाचा कोणी? बारा तास उभा राहिलेला बाप आणि दिवसभर कांड्या भरून चुलीपुढे बसलेली आई घरी येते, तेव्हा मुलाच्या हातात पडदा देते ती लाड म्हणून नव्हे. तिला घटकाभर पाठ टेकावयाची असते. तिला अडाणी म्हणणाऱ्यांचा आम्हांला राग येतो. जिच्याकडून वेळ काढून घेतला आहे, तिलाच वेळ दे म्हणून उपदेश करावयाचा!

रविवारची सुट्टी आभाळातून पडली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या, अर्ज केले, भांडले, तेव्हा १८९० साली मालकांनी ती मान्य केली. सव्वाशेहून अधिक वर्षे लोटल्यावर, २०२५ च्या सप्टेंबरात, आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या दिवसाच्या कामाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर नेण्यास मंजुरी दिली. त्याच्या कलमांची चर्चा वकिलांनी करावी. आम्हांला त्या सात फोटोंची आठवण होते, एवढेच सांगतो. लोखंड्यांनी मिळवला तो नुसता विसावा नव्हता. त्या दिवशी मुलाला बाप जागा सापडत होता.

आता व्यवहाराचे सांगून संपवतो. मुलासाठी टॅब घ्यावयाचा असेल तर अवश्य घ्या, पण आधी तीन गोष्टी पाहा. पहिली, त्यात मूल काही करते की नुसते बघते. दुसरी, तो मुलाची कोणती माहिती बाहेर धाडतो. २०१५ साली व्हीटेक कंपनीच्या साठ्यातून लाखो मुलांची नावे आणि जन्मतारखा चोरीला गेल्या होत्या, तेव्हा ही शंका फुकाची नाही. आणि तिसरी, शेजारी कोण बसणार. बालवाडीला, अंगणवाडीला कोणी टॅब देणगी देऊ लागले तर हात जोडून आभार माना आणि विचारा, की यासोबत मावशींचे वर्षाचे मानधन देता का? आम्ही हे विचारू लागल्यापासून देणगीदार थोडे कमी झाले आहेत. पण दोघांनी दिले.

तो मुलगा यंदा शाळेत गेला. जाताना त्याने आणखी एक फोटो आणून दाखवला. दिवाळीच्या सुट्टीतला आहे. बाप जागा आहे आणि पोराच्या हातातल्या टॅबकडे वाकून बघतो आहे. तो फोटो छापून आम्ही कचेरीत लावला आहे, मागणीपत्राच्या फाइलीच्या वरच. मालकांशी बोलणी करावयास निघताना आम्ही तो पाहून जातो.