रिकामा रकाना, शून्य आणि न वाचता आलेला आकडा



सी भाषेतल्या स्ट्रलेन या फंक्शनला ‘डहाणू’ची लांबी विचारली तर ते १५ सांगतं, ‘तलासरी’ची १८. हे उत्तर बरोबरच आहे, कारण ते बाइट मोजतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि काना, वेलांटी, उकार ही तिथे स्वतंत्र चिन्हं असतात. डेनिस रिची यांनी १९७२च्या सुमारास बेल लॅब्समध्ये सी घडवली. तिच्या लेखी मजकूर म्हणजे बाइटांची एक रांग, शेवटी शून्य.

या रांगेतून अर्थ काढणारी छोटी फंक्शनं मराठी मजकूर हाताळणाऱ्या लायब्ररीच्या तळाशी लिहायची असतात. त्यांच्यावर पुढचं सगळं उभं राहतं, म्हणून ती फार जपून लिहायला हवीत.

जमिनीच्या नोंदीसारखी एक ओळ कल्पू या: ‘तलासरी/१२//०.४०’. गाव, सर्व्हे नंबर, हिस्सा, क्षेत्र. हिस्सा रिकामा, क्षेत्र चाळीस आर, म्हणजे साधारण एक एकर. ओळीचे तुकडे पाडणारं सीमधलं स्ट्रटोक हे जुनं फंक्शन लागोपाठच्या दोन तिरप्या रेघा एकच धरतं. रिकामा रकाना नाहीसा होतो आणि क्षेत्र हिस्स्याच्या जागी सरकतं. शिवाय ते मूळ ओळीतच रेघेच्या जागी शून्य बाइट लिहून ठेवतं. म्हणून आपलं नवं फंक्शन मूळ ओळीला हात न लावता प्रत्येक तुकड्याची सुरुवात आणि लांबी तेवढी सांगेल. रिकाम्या तुकड्याची लांबी शून्य, पण तो तुकडा मोजला जाईल.

इथे यूटीएफ-८ आपल्या मदतीला येतं. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली ते असं आखलं की देवनागरी चिन्हाचा एकही बाइट १२८च्या खाली येत नाही. तिरपी रेघ ४७. त्यामुळे तुकडे पाडणाऱ्या फंक्शनला मराठी यायची गरजच नाही.

आकडा वाचणाऱ्या फंक्शनला मात्र ते आलं पाहिजे. सीमधल्या एटॉय या आकडा वाचणाऱ्या फंक्शनला ‘१२’ दिलं तर ते ० परत करतं, आणि खरोखरचं ‘0’ दिलं तरी ०च. डहाणू-तलासरीच्या ज्या मुलखात वारली आदिवासींनी १९४५ साली वेठबिगारीविरुद्ध उठाव केला, जिथे आजही वनहक्काच्या दाव्यात क्षेत्राचा आकडा घराचं भवितव्य ठरवतो, तिथे ‘शून्य’ आणि ‘वाचता आलं नाही’ यांत गल्लत करणारं फंक्शन मला अजिबात मान्य नाही. जमलं की नाही हे वेगळं सांगायचं, किंमत वेगळी द्यायची.

तलासरी गुजरातच्या सीमेवर आहे, तेव्हा गुजराती अंकही येणार. इथे एक सुंदर गोष्ट सापडते. देवनागरी अंकाचे तीन बाइट २२४, १६५ आणि १६६ ते १७५ यांपैकी एक; गुजरातीत फक्त मधला बाइट १७१ होतो. शेवटच्या बाइटमधून १६६ वजा केले की दोन्ही लिप्यांत अंकाची किंमत मिळते. मधला बाइट तपासायचा तो लिपी ओळखण्यासाठी.

एकाच संख्येत दोन लिप्यांचे अंक मिसळले तर? काही जण म्हणतील, वाचून टाका. मी नकार द्यायच्या बाजूचा आहे. अशी संख्या बहुधा दोन ठिकाणांहून चिकटवलेली असते. फंक्शनने तिथेच थांबावं, कितव्या बाइटवर थांबलो ते सांगावं, आणि ती ओळ माणसाच्या डोळ्यांखालून जाऊ द्यावी.