प्राणिसंग्रहालयास निघण्यापूर्वी

लहान मुलांस प्राणिसंग्रहालय दाखवावयाचे, म्हणजे एखाद्या रविवारी त्यांस गाडीत बसवावयाचे, एकामागून एक प्राणी दाखवीत फिरवावयाचे आणि सायंकाळी थकलेभागलेले घरी आणावयाचे, अशीच बहुतेक घरांतून समजूत असते. अहिल्यानगराहून पुण्याजवळच्या कात्रजपर्यंतचे अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटर. जाण्यायेण्यातच दिवसाचा मोठा भाग खर्ची पडतो. दुसऱ्या दिवशी आजीने कौतुकाने विचारावे, "काय काय पाहिलेस रे बाळ?" तर उत्तर मिळते, "फुगेवाला पाहिला, आणि बर्फाचा गोळा खाल्ला!" घरातील मंडळी हसतात आणि विषय तेथेच संपतो.

यात बाळाचा दोष मुळीच नाही. फुगेवाला त्याच्या ओळखीचा होता, म्हणून तो त्यास दिसला. सांबर त्याच्या ओळखीचे नव्हते, म्हणून ते समोर उभे असूनही दिसले नाही. डोळा पाहतो खरा, परंतु काय पाहावयाचे हे मन ठरविते. ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे, हे शिक्षणशास्त्रातील जुने सूत्र. प्राणिसंग्रहालयाच्या सहलीस त्याचा जितका उपयोग आहे तितका क्वचितच अन्यत्र असेल.

महाराष्ट्रात या सूत्राला मोठी परंपराही आहे. ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे काम केले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, आणि १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र उभे राहिले. पुढे १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे अनुताई वाघ यांच्या साहाय्याने गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालविण्यात आली. मूल कुरणात असेल तर शाळेने कुरणात जावे, आणि तेथे जे गवत, जे खडे, जी पाखरे असतील तीच शिक्षणाची साधने मानावी, हा त्यामागचा विचार. मग घराच्या अंगणात जे मांजर आहे, तेच वाघाचे पहिले पुस्तक का होऊ नये?

सहलीपूर्वीचा एक आठवडा या कामी पुरेसा आहे. दररोज अर्धा तास दिला तरी पुष्कळ झाले, आणि विकत काहीच आणावे लागत नाही.

पहिला दिवस पावलांचा. परातीत बारीक ओलसर माती पसरावी आणि ती मांजराच्या वाटेवर ठेवावी. अंगणातील कुत्रा, कोंबडी, चिमणी यांचेही ठसे शोधावे. कुत्र्याच्या ठशात नखांच्या खुणा उमटतात, मांजराच्या ठशात त्या बहुधा दिसत नाहीत, कारण मांजर चालताना नखे आत ओढून घेते. हे मुलाने स्वतः ताडून पाहिले की त्यास सांगावे, "वाघही असाच चालतो. तो मांजराच्याच कुळातला." पुढे वाघ समोर आला की ते मूल प्रथम त्याच्या पायांकडे पाहील. हे पाहणे त्याचे स्वतःचे असेल.

दुसरा दिवस मापांचा. "हत्ती केवढा?" या प्रश्नाला "मोठा!" हे उत्तर पुरत नाही. साडेचार फूट लांबीची दोरी घेऊन तिचे कडे जमिनीवर मांडावे. हे झाले मोठ्या हत्तीच्या पुढच्या पायाच्या तळव्याचे माप. या घेराच्या दुप्पट केली की हत्तीची खांद्यापर्यंतची उंची साधारण कळते, म्हणजे येथे नऊ फूट. तीच दोरी भिंतीवर दोनदा लावून दाखवावी आणि मुलास तिच्या शेजारी उभे करावे. नागराजाची लांबी बारा फुटांहून अधिक भरू शकते. तेवढी दोरी माजघरातून ओसरीपर्यंत सोडून दिली की मोजमापाचा धडा आणि प्राण्यांचा धडा एकदमच होतो.

तिसरा दिवस तोंडाचा व पोटाचा. मुलाच्या हाती आरसा द्यावा. पुढचे दात कापावयाचे, सुळे फाडावयाचे, दाढा दळावयाच्या, हे त्याने स्वतःच्याच तोंडात पाहावे. मग गवळ्याच्या गाईकडे न्यावे. गाईच्या वरच्या जबड्यास पुढे दात नसतात, हे पाहून थोर माणसेही चकित होतात. हरणाचेही तसेच. मोठा हत्ती दिवसाकाठी दीडशे किलोच्या घरात चारा खातो, हे सांगताना घरातील महिन्याच्या ज्वारीच्या पोत्याशी तुलना करावी. जनावर पाळणे म्हणजे त्याचे पोट रोज भरणे, ही जबाबदारीची जाणीव येथूनच सुरू होते.

चौथा दिवस चालीचा आणि शांततेचा. मुलांनी वानरासारखी उडी मारावी, मगरीसारखे पोटावर सरकावे, हत्तीसारखे संथ पाऊल टाकावे. हा गलबला मनसोक्त होऊ द्यावा. त्यानंतर बालशाळांतून प्रचलित असलेला शांततेचा खेळ खेळावा. सर्वांनी डोळे मिटून बसावे आणि कानावर काय काय येते ते मागाहून सांगावे. नळाचे ठिबकणे, दूरचा टांगा नसला तरी दूरची गाडी, झाडावरची खार. ज्या मुलास दोन मिनिटे निःशब्द बसता येते, त्यासच झुडपामागचे हरीण दिसते. कात्रजचे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय सुमारे १३० एकरांचे आहे, आणि तेथे वाघासारख्या मोठ्या प्राण्यांसाठी खंदकांनी वेढलेली मोकळी आवारे आहेत. प्राणी सावलीत निजला तर तो दिसेलच अशी खात्री नाही. हे आधी सांगून ठेवले नाही, तर मूल हिरमुसते आणि वडीलधारी मंडळीच आरोळ्या मारून प्राण्यास उठवू पाहतात.

पाचवा दिवस मातीचा. पोळ्याला मातीचे बैल करण्याची चाल या जिल्ह्यात घरोघरी परिचयाची आहे. त्याच मातीतून काळवीट, अस्वल, साप घडवावे. साप करताना एक जुना गैरसमज दूर करावा. नागपंचमीला नागास दूध देण्याची प्रथा भक्तीची असली, तरी दूध हा सापाचा आहार नव्हे. सापास पापण्या नसतात आणि बाहेरून दिसणारे कानही नसतात. म्हणून मातीच्या सापास मुलाने कान लावले की हसू नये, "कात्रजला जाऊन नीट पाहू" एवढेच म्हणावे. तेथे १९८६ पासून सर्पोद्यान आहे.

सहावा दिवस नाटकाचा. एकाने तिकिटे द्यावी, एकाने रखवालदार व्हावे, एकाने जनावरांचा डॉक्टर, आणि एकाने मुद्दाम खोडकर प्रेक्षक व्हावे. हा प्रेक्षक दाणे फेकील, टाळ्या पिटील, खडा मारील. त्यास काय सांगावयाचे ते मुलांनीच ठरवावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ साली जी दुरुस्ती झाली, तिने प्राणिसंग्रहालयातील प्राण्यास छेडणे, इजा करणे, खाऊ घालणे, गोंगाटाने त्रास देणे आणि आवारात घाण टाकणे या सर्वांस मनाई केली आहे. परंतु मुलांनी स्वतः केलेला नियम त्यांस कायद्याहून अधिक बांधतो. शेवटी प्रत्येक मुलाने मनाशी एकच प्रश्न निवडावा. "अस्वल झोपते कसे?" "मोर रात्री कोठे बसतो?" एक प्रश्न घेऊन गेलेले मूल दहा पाट्या वाचून आलेल्या मुलापेक्षा अधिक घेऊन येते.

येथवर सांगितले ते कोणत्याही गावच्या मुलास लागू आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील मुलाची गोष्ट मात्र थोडी निराळी आहे. पुण्यामुंबईच्या मुलास बिबट्या चित्रात भेटतो. अकोले, संगमनेर, राहाता, राहुरी या भागांत तो उसाच्या फडात असतो. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांचे सहकारी यांनी अकोले परिसरात आपोआप छायाचित्रे टिपणारे कॅमेरे लावून केलेले संशोधन २०१३ साली प्रसिद्ध झाले. शेतीवाडीने आणि दाट वस्तीने भरलेल्या त्या प्रदेशात दर शंभर चौरस किलोमीटरांस सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले. बिबट्याच्या हल्ल्यांत जिल्ह्यातील लहान मुले बळी पडल्याच्या दुःखद घटनाही घडल्या आहेत. नगर शहरात राहणाऱ्या कुटुंबांचेही आजोळ, शेत, भावकी बहुधा याच तालुक्यांतून असते. मुलांच्या कानांवर या वार्ता पडतातच.

अशा मुलापुढे प्राणिसंग्रहालयातील बिबट्या येतो, तेव्हा त्याच्या मनात दोनपैकी एक भावना उसळते. एक तर त्यास भय वाटते, अथवा सूड घ्यावासा वाटतो. "हाच तो! मारा याला!" असे उद्गार काढून खडा उचलणारा मुलगा दुष्ट नसतो. त्याने घरी जे ऐकले तेच तो करीत असतो. जेवत नाही म्हणून "बिबट्या येईल हं!" असे ज्यास रोज सांगितले, त्याच्यापुढे हे जनावर राक्षस म्हणूनच उभे राहणार. यास्तव पहिली तयारी मुलाची नव्हे, घरातील वडील मंडळींच्या जिभेची व्हावयास हवी. जनावराच्या नावाने मुलास भिववू नये.

तथापि भय घालवावयाचे म्हणजे सावधपणा घालवावयाचा नव्हे. संग्रहालयात मूल आणि बिबट्या यांच्यामध्ये खंदक असतो, रखवालदार असतो. शेतात यांपैकी काहीच नसते. हा भेद मुलास स्पष्ट शब्दांत सांगावा. अंधार पडू लागला की एकट्याने फडाकडे किंवा गोठ्याकडे जावयाचे नाही. वस्तीवर सायंकाळी मोठ्यांच्या संगतीनेच राहावयाचे. ऊसतोडीच्या वेळी बिबट्याची पिले दिसली तर त्यांस हात लावावयाचा नाही, कारण आई जवळपास असू शकते. मोठ्यांस हाक मारावयाची, आणि मोठ्यांनी वनखात्यास कळवावयाचे. अशी पिले त्याच जागी सुरक्षित ठेवून आईशी त्यांची भेट घडवून आणण्याचे काम वनखात्याने अनेकदा केले आहे. ही हकीगत मुलांस अवश्य सांगावी. फडातील तो प्राणी कोणाची तरी आई आहे, हे कळल्याने सावधपणा उणा होत नाही. द्वेष मात्र उणा होतो.

या जिल्ह्यास आणखी एक देणगी आहे. कर्जत तालुक्यातील रेहेकुरी येथे १९८० पासून काळविटांचे अभयारण्य आहे. त्याचा विस्तार दोन चौरस किलोमीटरांहून थोडाच अधिक. परंतु खुरट्या गवतातून कळपाने उधळणारी काळविटे तेथे मोकळी दिसतात. नर काळसर, पिळदार शिंगांचा. मादी पिवळसर तपकिरी आणि बहुधा बिनशिंगांची. शक्य असेल तर कात्रजपूर्वी किंवा कात्रजनंतर मुलांस रेहेकुरी दाखवावे. मग एखादे मूल विचारील, "तिथले हरीण मोकळे, मग इथले कोंडलेले का?"

हा प्रश्न टाळू नये. "त्यास इथेच आवडते" असे खोटे उत्तर तर देऊच नये. काही प्राणी जखमी अथवा पोरके सापडलेले असतात, काही संग्रहालयातच जन्मलेले असतात, आणि रानात सोडले तर त्यांचा निभाव लागणे कठीण असते. काही जाती रानात विरळ झाल्याने त्यांचा वंश राखावयाचा असतो. मुंबईची राणीची बाग, म्हणजे आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, १८६२ साली खुली झाली. पुण्यात १९५३ साली पेशवे पार्क झाले. त्या काळापासून पुष्कळ वर्षे अरुंद पिंजरा हीच रीत होती. १९९२ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले आणि प्राण्यास जागा, सावली, निवारा किती द्यावा याचे नियम कडक झाले. पेशवे पार्कातील प्राणीही पुढे कात्रजच्या विस्तीर्ण जागेत गेले. ते संग्रहालय १९९९ साली सुरू झाले. एवढे सांगून झाल्यावर "तरीही कोंडणे बरोबर का, याचा मोठी माणसेही अजून विचार करीत आहेत" असे म्हणावे. एखादा प्राणी त्याच त्या रेषेवरून येरझारा घालताना दिसला, तर तो नाचतो आहे असे न म्हणता तो अस्वस्थ असावा असे सांगावे. मुलास सत्य पेलते. त्यास पेलत नाही ती थोरांची थट्टा.

प्रत्यक्ष सहलीच्या दिवशी पथ्ये थोडीच. बुधवारी कात्रजचे संग्रहालय बंद असते, हे ध्यानी ठेवावे. सकाळी लवकर पोचावे, पाणी व टोप्या बरोबर घ्याव्या. सर्वच प्राणी पाहण्याचा हट्ट धरू नये. पाच-सहा निवडून प्रत्येकापुढे दहा मिनिटे थांबावे. मूल भ्याले तर त्यास कुंपणाजवळ ढकलू नये, दुरून पाहू द्यावे. पाट्या वाचून दाखविण्याची घाई न करता मुलाच्या प्रश्नाची वाट पाहावी.

घरी परतल्यावर परीक्षा घेऊ नये. कागद व खडू द्यावे, माती द्यावी, आणि स्वस्थ बसावे. मातीच्या सापाचे कान मुलाने आपल्या हाताने काढून टाकले, तर तेवढे पुरे. उन्हाळा असेल तर गच्चीवर पाखरांसाठी पाण्याचे पसरट भांडे ठेवावे आणि ते रोज भरण्याचे काम मुलाकडेच द्यावे. शहरातील मूल वाघाचे किंवा हत्तीचे काही बरेवाईट करू शकत नाही. परंतु गल्लीतील कुत्र्याच्या अंगावर खडा फेकावयाचा की नाही, हे सर्वस्वी त्याच्याच हाती असते. सहलीनंतरच्या आठवड्यात तो हात कसा वागतो, तिकडे पालकांनी लक्ष ठेवावे.